साचा पडण्याआधी नकाशा मागा!

शहरात कोठेही एखादी मोकळी सरकारी जागा दिसली की तिच्यावर काय उभे राहावे, याचे प्रस्थापितांचे उत्तर आजकाल तयार असते. अभ्यासिका नको, दवाखाना नको, घरकुल तर नकोच नको. वाहनतळ हवा! नाशिक शहरही याला अपवाद नाही. रविवार कारंजावरील जुन्या यशवंत मंडईच्या जागेवर बहुमजली वाहनतळ उभारण्याचा प्रस्ताव महापालिकेत वर्षानुवर्षे चर्चेत राहिला. मंडईच्या जागी मोटार, या तीन शब्दांत आजच्या नगरनियोजनाची दिशा कळून येते. ज्या जागेच्या नावातच बाजार आहे, जेथे डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या बाईचा पोटापाण्याचा संबंध आहे, तेथे आता चारचाकी गाडीने विसावा घ्यायचा आहे.

गावठाणातील कोंडी खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. मेन रोड, शालिमार, भद्रकाली, रविवार कारंजा या भागात चालायलाही जागा उरलेली नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील कामगारांसाठी सिडकोने वसवलेल्या नवीन नाशिकमध्येही चिंचोळ्या गल्ल्या दुचाक्यांनी आणि रिक्षांनी भरून गेल्या आहेत. तेव्हा वाहनतळच नको, अशी भूमिका चळवळीने घेण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. तो वाहनतळ कोणासाठी, कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या घामातून आणि कोणत्या नकाशाने उभा राहणार, हा तो प्रश्न आहे. आणि हा प्रश्न विचारण्याची वेळ कोणती, हे समजून घेण्यासाठीच हा लेखप्रपंच.

बांधकामाच्या धंद्यात सध्या ‘प्रीकास्ट’ हा परवलीचा शब्द झाला आहे. आपल्या वाड्यावस्त्यांतील मिस्त्री आणि बिगारी यांना ज्या पद्धतीची सवय आहे, तिच्यात जागेवर सेंट्रिंग ठोकतात, सळई बांधतात, काँक्रीट ओततात, आणि मग पाणी मारत दिवस मोजतात. प्रीकास्टमध्ये हे सारे उलटे होते. खांब, तुळया, जिने, स्लॅबचे भाग, भिंती हे सर्व दूरच्या कारखान्यात किंवा आवारात पोलादी साच्यांत ओतले जाते. वाफेवर तापवून काँक्रीट लवकर पक्के केले जाते. मग ट्रेलरवरून ते भाग जागेवर आणायचे, क्रेनने उचलायचे आणि एकमेकांत बसवायचे. मुंबई मेट्रोच्या खांबांवर चढलेले पुलाचे तयार भाग ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही पद्धत वेगळी समजावून सांगायला नको.

वाहनतळासाठी ही पद्धत सोयीची आहे, हे मान्य केले पाहिजे. दोन्ही बाजूंना ५-५ मीटर लांबीच्या गाड्या आणि मध्ये ६ मीटरचा रस्ता, असा १६ मीटरचा पट्टा मध्ये एकही खांब न घेता झाकता येतो. त्यासाठी दोन पायांच्या टेबलासारखा दिसणारा ‘डबल टी’ नावाचा तयार स्लॅब वापरतात. एकाच मापाचे भाग पुन्हा पुन्हा लागतात म्हणून साच्याचा खर्च भरून निघतो. पावसाळ्यात छपराखाली ओतकाम चालू राहते. बाजू उघड्या ठेवल्या तर हवा खेळती राहते आणि पंख्यांवरची वीज वाचते. भर वस्तीत महिनोन्महिने वाळू-खडीचे ढीग पडत नाहीत.

परंतु याच पद्धतीत एक गोष्ट अशी आहे, की तिच्याकडे कार्यकर्त्यांनी अत्यंत सावधपणे पाहिले पाहिजे. जागेवर ओतल्या जाणाऱ्या इमारतीत काम चालू असताना थोडाफार बदल करता येतो. मोर्चा निघाला, निवेदन दिले, तर एखादी भिंत सरकते, एखादा गाळा वाढतो. प्रीकास्टमध्ये तसे होत नाही. पाइपासाठी लागणारे भोक कोठे, जिना कोठे, कोणत्या मजल्यावर किती वजन, हे सारे कागदावर ठरल्यावरच साचा तयार होतो. आत ताणलेल्या तारा असलेल्या स्लॅबला नंतर वाटेल तेथे छेद देता येत नाही. म्हणजेच जे नकाशात नाही, ते इमारतीत कधीच नाही! आपली चळवळ मात्र बहुधा बुलडोझर आल्यावर जागी होते. प्रीकास्टच्या जमान्यात बुलडोझर येतो तेव्हा आपल्या वाट्याचा निकाल दूरच्या एखाद्या आवारात ओतून, सुकवून तयार झालेला असतो.

आता हिशेब पाहू. दिल्लीच्या २०२१ सालापर्यंतच्या विकास आराखड्याने रॅम्प असलेल्या बहुमजली वाहनतळात एका मोटारीसाठी ३० चौरस मीटर जागा धरली आहे. गाडी स्वतः त्याच्या निम्म्यापेक्षा कमी जागेत मावते. बाकीची जागा वळण्याला, चढण्याला आणि उतरण्याला लागते. आणि २०१५ साली सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेत दुर्बल घटकातील कुटुंबाच्या घराची चटई क्षेत्राची मर्यादा किती होती? तीही ३० चौरस मीटर! बाप, आई, मुले, म्हातारी आजी, चूल, मोरी, देवघर असेल तर देवघर आणि बाबासाहेबांची तसबीर, या सर्वांना मिळून जेवढी जागा, तेवढीच एका मोटारीला. रात्री मोटार आपल्या मालकाच्या घरी झोपायला जाते, तेव्हा ही ३० चौरस मीटर जागा रिकामी असते. घर मात्र रात्रंदिवस भरलेले असते.

आणि मोटार कोणाकडे आहे? २०११ च्या जनगणनेनुसार देशातील १०० कुटुंबांपैकी ५ कुटुंबांकडेही मोटार नव्हती. शहरी भागातही हे प्रमाण दहात एकापेक्षा कमी होते. त्यानंतर गाड्या खूप वाढल्या हे खरे. पण हप्त्यावर घेतलेली दुचाकी, उसनवारीवर घेतलेली रिक्षा आणि माल वाहणारा छोटा टेंपो, हीच आजही आपल्या समाजाची वाहने आहेत. मोटारीच्या एका खणात पाच-सहा दुचाक्या सहज उभ्या राहतात. तरीही वाहनतळाची क्षमता सांगताना ‘इतक्या मोटारी’ असेच का सांगितले जाते? दुचाकीवाल्याला तळघराचा कोपरा आणि सायकलवाल्याला काहीच नाही, ही वर्णव्यवस्था काँक्रीटमध्येही उतरावी काय?

१९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडला. सार्वजनिक पैशातून बांधलेली व चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही ठिकाणे अस्पृश्यांनाही खुली असावीत, असा त्याचा आशय होता. त्याच ठरावाच्या बळावर १९२७ चा महाडचा संग्राम उभा राहिला. जे सार्वजनिक पैशातून उभे राहते ते सर्वांचे, हे तत्त्व तेथे सिद्ध झाले. ते तत्त्व वाहनतळाला लावून पाहा. महापालिकेची जमीन सार्वजनिक. तिच्यावरचे बांधकाम सार्वजनिक निधीतून, किंवा सार्वजनिक जमिनीच्या मोबदल्यात खासगी ठेकेदाराकडून. मग त्याचा उपयोग मोटारवाल्यापुरताच कसा? तेथे उभे राहण्याचे भाडे नाममात्र ठेवले, तर पायी चालणाऱ्याने मोटारवाल्याला दिलेले ते अनुदानच ठरते. पार्किंगचे शुल्क त्या जागेच्या किमतीला साजेसे असावे, असे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेच म्हटले आहे. पण आपल्याकडे हातगाडीवाल्याकडून पावती फाडताना कायदा आठवतो आणि मोटारवाल्यापुढे तोच कायदा हात जोडतो.

मुंबईचा धडा ताजा आहे. तेथे सार्वजनिक वाहनतळ बांधून महापालिकेला द्या आणि त्या बदल्यात जादा चटई क्षेत्र घ्या, अशी सवलत बिल्डरांना देण्यात आली. जादा मजल्यांचे टॉवर उभे राहिले. वाहनतळ मात्र कित्येक ठिकाणी महापालिकेकडे वेळेवर आले नाहीत, आणि आले तेथेही अनेक मजले रिकामे राहिले, कारण खाली रस्त्यावर फुकट गाडी लावता येत होती. वाहनतळ हे निमित्त आणि चटई क्षेत्र हे उद्दिष्ट, असा तो मामला झाला. नाशिकमध्ये ‘खासगी भागीदारी’ हा शब्द ऐकला की हा मुंबईचा अनुभव आठवला पाहिजे. वाहनतळावर किती मजले कोणाचे आणि किती वर्षांसाठी, हे करारात वाचल्याशिवाय टाळ्या वाजवू नयेत.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. प्रीकास्ट इमारतीचे मर्म तिच्या सांध्यांत असते. प्रत्येक भाग कितीही मजबूत असला, तरी ते एकमेकांना नीट बांधलेले नसतील तर इमारत पत्त्यांच्या बंगल्यासारखी होते. १७ जानेवारी १९९४ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील नॉर्थरिज येथे भूकंप झाला. तेथील विद्यापीठाचा, काही वर्षांपूर्वीच बांधलेला प्रीकास्ट वाहनतळ कोसळला आणि त्याचे बाहेरचे खांब आत वाकलेली छायाचित्रे जगभर गेली. आपल्याकडे २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात अलीकडेच बांधलेल्या प्रीकास्ट प्राथमिक शाळांच्या कित्येक खोल्या पडल्या. छताचे आणि भिंतीचे तयार भाग एकमेकांशी पुरेसे जोडलेले नव्हते. त्या शाळांत शिकणारी लेकरे कोणाची होती, हे सांगण्याची गरज नाही.

भारतीय मानकांच्या २०१६ च्या नकाशात नाशिक तिसऱ्या भूकंपक्षेत्रात मोडते. म्हणून येथे वाहनतळ बांधताना खांब आणि तुळईचा सांधा कसा आहे, तयार स्लॅबवर जागेवर काँक्रीटचा थर ओतून सगळा मजला एकसंध केला आहे की नाही, सांध्यांतील भराव कोणी तपासला, या गोष्टी केवळ अभियंत्यांच्या म्हणून सोडून चालणार नाही. प्रीकास्ट इमारतींसाठी ‘आयएस १५९१६’ हे मानक २०१० साली आलेले आहे. ते निविदेत नमूद आहे काय? काँक्रीटच्या तपासणीसाठी नाशिकमध्येच ‘मेरी’सारखी शासकीय संशोधन संस्था आहे. मग तपासणी ठेकेदाराच्याच पसंतीच्या माणसाकडे का जावी? शिवाय सांध्यातून पाणी झिरपले की आतले लोखंड गंजते, म्हणून प्रत्येक मजल्याला पाणी वाहून जाण्यापुरता उतार आणि दरवर्षी सांध्यांची डागडुजी, हा खर्च करारात धरलेला असला पाहिजे. उद्घाटनाच्या फलकाला पैसे असतात आणि डागडुजीला नसतात, हा आपला नेहमीचा अनुभव आहे.

आणि ज्या जागेबद्दल बोलणे चालले आहे, ती प्रीकास्टला सोयीची तरी आहे काय? सोळा मीटर लांबीचा, दहा-पंधरा टनांच्या घरातला स्लॅब घेऊन येणारा ट्रेलर जुन्या नाशिकच्या गल्लीत वळणार कसा? क्रेन उभी कोठे राहणार? प्रीकास्टचे नियोजन इमारतीपासून नव्हे, तर रस्त्यापासून आणि क्रेनपासून सुरू होते. वेड्यावाकड्या, लहान भूखंडावर एकाच मापाचे भाग बसत नाहीत, साचे वाढतात आणि स्वस्ताईचा दावा हवेत विरतो. मग रस्ता मोकळा करण्यासाठी पहिला घाव कोणावर पडतो? कडेला बसलेल्या पथारीवाल्यावर! म्हणून बांधकाम किती महिन्यांत होणार हे विचारताना, त्या काळात विक्रेते कोठे बसणार, हेही लेखी मागितले पाहिजे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहर पथविक्रेता समिती दिली आहे, आणि तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी स्वतः विक्रेत्यांचे, निवडून आलेले असले पाहिजेत. वाहनतळाचा आराखडा या समितीपुढे का येऊ नये?

तिसरा मुद्दा श्रमाचा. प्रीकास्ट आले की नाक्यावरची गर्दी कमी लागते. जेथे सेंट्रिंगवाले, बिगारी आणि पाणी मारणाऱ्या बाया मिळून पन्नास माणसे लागत, तेथे क्रेनचालक, भाग जागी बसवणारे खलाशी, वेल्डर आणि सांधे भरणारे, अशी मोजकी माणसे पुरतात. बाकीचे काम कारखान्यात जाते. काम उन्हातून छपराखाली जाणे वाईट नाही. पण त्या कारखान्यात आपला माणूस कोणत्या नावाने नोंदला जाणार? बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्यातून कारखाना कायद्याखालचे काम वगळलेले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्याच १० ऐवजी २० कामगारांवर नेण्यात आली. लहान आवारात ओतकाम करणारा मजूर ना बांधकाम कामगार, ना कारखान्याचा कामगार, असा त्रिशंकू राहू नये याची काळजी कोण घेणार? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली त्यांच्याच कारकिर्दीत झाली. ती त्यांची कमाई मुकादमाच्या तोंडी हिशेबात बुडू देणे, हा आपला करंटेपणा ठरेल.

ठेक्यांचेही तसेच. १९४२ सालीच व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या ठेक्यांत अस्पृश्यांना स्थान नसल्याचा प्रश्न मांडला होता. आज क्रेन, साचे आणि कारखाना लागणाऱ्या कामात लहान ठेकेदाराला दारही उघडे नसते. म्हणून निदान उपकामे, सांधेभरणी, वेल्डिंग, देखभाल आणि वसुली यांत समाजातील सुशिक्षित बेरोजगारांच्या सहकारी संस्थांना वाटा द्यावा, आणि आयटीआयमध्ये प्रीकास्ट बसवणीचे प्रशिक्षण सुरू करावे, अशी मागणी झाली पाहिजे. नाहीतर आपल्या वाट्याला पुन्हा वाहनतळ झाडण्याचेच काम येईल, तेही ठेकेदारी पद्धतीने.

काही मंडळी सिंहस्थाचे नाव पुढे करतील. २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात कामांचा पूर आला आणि घाईच्या नावाखाली प्रश्न विचारणाऱ्याला विघ्नसंतोषी ठरवणे सोपे झाले. पण सिंहस्थाचा अनुभव नेमका काय सांगतो? २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या अरुंद रस्त्यावर झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक मरण पावले. २०१५ साली बाहेरगावच्या गाड्या शहराच्या वेशीवरच अडवून पुढे बसने माणसे नेण्यात आली. म्हणजे पर्वणीला गावठाणात गाड्या आणायच्याच नसतात! बारा वर्षांतून काही महिन्यांसाठी लागणारे वाहनतळ वेशीवर तात्पुरते करता येतात. गावठाणातल्या कायमच्या वाहनतळाचे समर्थन सिंहस्थाने होत नाही. त्याचे समर्थन रोज बाजाराला येणाऱ्या माणसाच्या सोयीने झाले पाहिजे, आणि त्या माणसाला आधी नियमित बस हवी आहे. ८ जुलै २०२१ रोजी सुरू झालेली सिटीलिंक बससेवा वाहकांच्या थकलेल्या पगारामुळे वेळोवेळी बंद पडते आणि वाहनतळासाठी मात्र निधी शोधला जातो, हा कोणता न्याय?

मग वाहनतळ बांधायचाच असेल तर नकाशात काय असावे? पहिले, तळमजला मंडईचा. भाजीवाल्या, फळवाल्या, चांभार, फुलवाल्या यांचे ओटे, पाण्याचा नळ आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह यांसह. भारतीय मानकांत हलक्या वाहनांच्या मजल्यासाठी चौरस मीटरला सुमारे २५० किलो भार धरतात, दुकानांसाठी ४००. म्हणजे बाजाराचा मजला मोटारीच्या मजल्यापेक्षा दणकट लागतो. हे आधी सांगितले नाही, तर ‘आता तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ हे उत्तर ठरलेलेच. दुसरे, वरचे मजले सपाट आणि पुरेशा उंचीचे असावेत आणि रॅम्प एका बाजूला वेगळा असावा. उद्या गाड्या कमी झाल्या तर त्याच मजल्यांवर अभ्यासिका, वसतिगृह, दवाखाना थाटता येईल. मजलाच उतरता बांधला की तो कायमचा मोटारीचा गुलाम. तिसरे, दुचाकी, सायकल, मालवाहू रिक्षा आणि अपंगांची वाहने यांना प्रवेशाजवळ जागा. चौथे, वाहनतळ झाल्यावर आसपासच्या रस्त्यांवरून मोटारी हटतील आणि मोकळी झालेली कडा पादचाऱ्याला व विक्रेत्याला मिळेल, अशी लेखी हमी. पाचवे, भाड्याचे उत्पन्न बससेवेसाठी राखून ठेवावे.

आणि शेवटचा प्रश्न शासनाला. सिडकोने २०२२ साली नवी मुंबईत बामणडोंगरी येथे याच प्रीकास्ट तंत्राने ९६ सदनिकांची इमारत ९६ दिवसांत उभी करून दाखवली. म्हणजे तंत्र नाही, वेळ नाही, ही सबब संपली. मोटारीसाठी जे तंत्र घाईने वापरायचे, ते झोपडपट्टीतल्या माणसाच्या घरासाठी का नाही? नाशिक जिल्ह्याचे सुपुत्र कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ साली पडीक सरकारी जमिनीसाठी भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. तेव्हा जमीन गावाकडची होती. आज तीच लढाई शहरातल्या सरकारी भूखंडावर आली आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनो, वाहनतळाच्या भूमिपूजनाच्या दिवशी काळे झेंडे घेऊन जाण्यापेक्षा निविदा निघण्याच्या आधी महापालिकेत जा. माहितीच्या अधिकारात आराखडा मागा, करार मागा, मजल्यांचे भार मागा. आपल्या वस्तीतल्या अभियंता झालेल्या पोरांना तो वाचायला बसवा. हरकती लेखी द्या, मुदतीत द्या, पोच घ्या. बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितले, त्यात नकाशा वाचायला शिकणेही आलेच. एकदा साचा पडला, की नंतरच्या घोषणा काँक्रीटवर आपटून परत येतात.

जयभीम!